दोराला लागलेले हात

आज ऑफिसच्या मेलमध्ये साहेबांनी इंग्रजीत लिहिलं होतं, 'पुल टुगेदर', म्हणजे सगळे मिळून जोर लावू या. वाचलं आणि नाकात ओल्या जाळ्याचा वास शिरला.

शाळेत आमचा वर्ग याच शब्दांवर अडला होता. नागपूरहून नव्या आलेल्या इंग्रजीच्या मॅडम अर्थ दाखवायला आम्हाला सरळ नवेगाव बांधच्या तलावावर घेऊन गेल्या. तिथं माझ्या मैत्रिणीचे, सुमनचे बाबा गड्यांसोबत मासे धरत होते, पण जाळं गाळात अडकलं होतं.

"मॅडम, पाहून काऊन राहिल्या जी? धरा दोर!" बाबा ओरडले.

मॅडमनी पदर खोचला. त्यांच्यामागं आम्हीही चिखलात उतरलो. दोर ओढून तळहात सोलवटले, पण जाळं सुटलं.

निघताना बाबांनी प्रत्येकाला पळसाच्या पानांत मासे बांधून दिले. मॅडम संकोचल्या. "मी खात नाही हो."

"नका खाऊ. पण दोराले हात लावला, तं वाटा न्यावाच लागते."

मॅडमनी तो दोन्ही हातांनी घेतला. तेव्हा आम्हाला हसू फुटलं होतं.

आज साहेबांचा मेल मी शेवटपर्यंत वाचला. दोर कुणी ओढायचा ते नीट लिहिलं होतं. वाटा मात्र कुठंच नव्हता.