कावळ्यापुढं दिलेला शब्द

भिमाआबा जीप ढकलत होते. मला आत स्टेअरिंगवर बसवलं आणि स्वतः मागं गेले. मी म्हटलं, "आबा, उलटं झालं. तुम्ही बसा, मी ढकलतो."

"गप. पुढं बघ."

दिंडोरी नाक्यावरनं आमचा मोर्चा निघालेला. सगळ्या काळीपिवळ्या, इंजिन बंद, ज्याची त्याची गाडी ज्यानं त्यानं ढकलायची. माझी जीप वणीलाच ठेवून मी आबांच्या मदतीला आलेलो. पुढं आमच्या संघटनेचा शेखर भोंग्यावर ओरडत होता, "डिझेलवरचा टॅक्स!" आणि मागून आम्ही, "कमी करा, कमी करा!"

टाकीत टाकलेलं निम्मं डिझेल सरकारच पितं, असं शेखर म्हणायचा. वर पासिंग, इन्शुरन्स, टायर. वणीवरनं नाशिकला जीप भरून आणली तरी हाताला काय लागत नव्हतं. स्टँडवरच्या गाड्या एकेक करून कमी व्हायला लागलेल्या.

आबांचं तर अजूनच अवघड. त्यांच्या जीपमधली ड्रायव्हरच्या शेजारची जागा कायम मोकळी. आमच्याकडं तिथं दोन माणसं कोंबतात, कमाई तिथंच असते. पण कोणी बसायला गेलं की आबा म्हणायचे, "तिथं नको बाबा, मागं बस."

"कोणी यायचंय का?"

"हो."

बस, एवढंच. आणि वळण आलं की त्या मोकळ्या जागेकडं बघून म्हणायचे, "सावकाश घेतोय रे." मागचे पॅसेंजर एकमेकांकडं बघायचे. स्टँडच्या रांगेत माझा नंबर आबांच्या मागं लागायचा. ह्या गोष्टीवर स्टँडवर कोणी हसलं की मी त्याची कॉलर धरायचो. दोघातिघांना हाणलंय पण.

ती जागा धनराजची. आबांचा एकुलता पोरगा. जीप त्यानंच घेतलेली. दोन वर्षांमागं काविळीनं गेला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. भाऊबंद झाले, मामा झाले, सगळ्यांनी सांगून बघितलं. ऊन डोक्यावर आलं. शेवटी आबा हात जोडून मोठ्यानं बोलले, "धनराज, तुझी गाडी मी विकणार नाय. मी चालवीन." आणि कावळा शिवला.

तेव्हापासून आबा जीप चालवत होते. चालवत कसली, ओढत होते. संजना, म्हणजे धनराजची बायको, द्राक्षाच्या पॅकहाउसला जायची. तिचा पगार डिझेलमध्ये जायचा. जीप विकत घ्यायला गिऱ्हाईक येत होतं, आबा परत पाठवत होते. "शब्द दिलाय," म्हणायचे. रात्री गाडीला झोप लागत नाय, हॉर्न कण्हल्यासारखा वाजतो, असंही सांगायचे. मी वायरिंग बघितली. वायरिंगला काय झालेलं नव्हतं.

मोर्चा गोदाकाठी पोचला. शेखरनं डोकं चालवलेलं, की डिझेल गाडीचं दहावं घालायचं म्हणजे टीव्हीवाले येतील. असल्या कामाला भटजी कोण येतो? मग उपरणं गुंडाळून शेखरच भटजी झाला. दगडावर पिंड ठेवला, मागं हार घातलेला जीपचा फोटो. मी जवळ जाऊन बघितलं. आबांची जीप. नंबरसकट.

"शेखर्‍या, फोटो उचल."

"अरे नाटक हाय रे. सगळ्यात जुनी गाडी म्हणून लावला."

"तुझ्या गाडीचा लाव मग. तुझ्या घरादाराचा लाव!"

मी हाणणारच होतो, आबांनी मागून दंड धरला. "राहू दे," म्हणाले. नजर फोटोवरच.

कावळे वायरीवर बसलेले. एकही खाली येईना. पब्लिकला तेवढंच पाहिजे होतं.

"शिव रे बाबा, टॅक्स कमी करतो!"

"त्याला पण परवडत नसंल इथवर यायला!"

"मंत्रालयातून परवानगी यायचीय त्याची!"

हसून हसून लोळायचे बाकी होते. कॅमेरावाला घड्याळ बघायला लागला. तेवढ्यात आबांनी चपला काढल्या आणि पुढं गेले. मी सोबत गेलो. शेखरला वाटलं, आबा पण मजा करणार. त्यानं भोंगा त्यांच्या तोंडापुढं धरला. आबांनी तो बाजूला सारला आणि एकदम हळू बोलले.

"धनराज, बाळा. नाय परवडत रे आता. सूनबाई झिजती माझ्यापायी. मला सोड."

वायरीवरनं एक कावळा उतरला. सरळ आला, शिवला आणि गेला.

हसणं जागच्या जागी थांबलं. शेखरच्या हातातला भोंगा चालूच होता, त्यातनं नुसती खरखर येत होती. मग कोणीतरी उगाच घोषणा दिली, पण आवाजात दम नव्हता. टीव्हीवर आमचं काय दाखवलं नाय. टॅक्सही कमी झाला नाय.

परत येताना नाक्यावर एक म्हातारी उभी होती. आबांनी स्वतः हात धरून तिला शेजारी बसवलं. "बस माय, मोकळीच हाय जागा." वणीपर्यंत वळणावर एकदाही काय बोलले नायत. जीप नंतर कळवणच्या माणसानं विकत नेली. आता आबा स्टँडवर बसून आमच्यासाठी "नाशिक, नाशिक" ओरडतात. पोट भरून जेवतात, असं संजनावहिनी सांगते.

दिवाळी झाल्यावर वहिनीला न्यायला माहेरचे आले. दुसरं स्थळ आणलेलं, माणूस चांगला होता. आबाच तिला म्हणत होते, "जा पोरी." ती नाय म्हणाली. माहेरचे चिडून गेले. मला राहवेना. आबा स्टँडवर असताना मी घरी गेलो.

"वहिनी, आबा सुटले. तुम्ही कशाला अडकून पडता?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता बोलली.

"भाऊजी, ह्यांच्या दहाव्याला तुम्ही सगळे आबांच्या तोंडाकडं बघत होता. मी बायांच्या मागं उभी राहून कावळ्याकडं बघत होते. आबा बोलले त्याच्या आधीच तो खाली उतरला होता. मी मनात म्हटलं होतं, आबांना सोडून कुठं जाणार नाय. तेव्हा उतरला."

आबांना हे अजून माहीत नाय.