समोर बघणारा फोटो

आमच्या मालिकेचा मुख्य लेखक बदलणार असला की ते आधी स्पॉटदादांना कळतं. ठरतं मुंबईत, वाहिनीच्या ऑफिसात. पण साताऱ्याबाहेर उसाच्या रानाला लागून असलेल्या आमच्या सेटवर ते चहाच्या ट्रेमधून येतं. गेल्या आठवड्यात मेकअप चालू असताना माझ्या हातात कप देत दादा हळूच म्हणाले, “ताई, नवीन येतोय म्हनं.” एवढंच. माझा चहा तसाच गार झाला.

बाहेरच्या माणसाला यात भ्यायचं काय ते कळणार नाही. मालिकेत संवाद एक जण लिहितो, दिग्दर्शन दुसरा करतो, पण कोण जगणार, कोण मरणार आणि कोण अमेरिकेला जाऊन पुन्हा कधीच परत येणार नाही, हे मुख्य लेखक ठरवतो. आमच्या युनिटमध्ये सगळे मानतात की नवा मुख्य लेखक आला की घरातलं एक माणूस जातं. आता हे घर माझं आहे, हे त्याला आल्या आल्या दाखवायचं असतं.

मी या घरातली थोरली सून. मूळची सांगलीची. वीस वर्षं हौशी नाटकं केली, स्पर्धेची बक्षिसं कपाटावर ठेवली आणि वर्षातून एकदा दिवाळीत पुसली. पंचेचाळिसाव्या वर्षी ही मालिका मिळाली. साताऱ्यात खोली घेतली, सुट्टी मिळाली की सांगलीला घरी. बसमध्ये अनोळखी बाई सरकून जागा द्यायला लागली, तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून रडले होते. ते सगळं जाईल आणि मी परत कपाटावरची बक्षिसं पुसणारी बाई होईन, ही भीती त्या दिवसापासून माझ्यासोबत राहायला आली ती आजतागायत गेलेली नाही.

पहिल्या मुख्य लेखिका साठीच्या होत्या. महिन्यातून एकदा सेटवर यायच्या, आमच्या खोट्या स्वयंपाकघरात पाटावर बसायच्या आणि आम्हालाच विचारायच्या, तुमच्याकडे सासू रागावली की काय करते? मी सांगितलं, माझ्या सासूबाई रागावल्या की घासलेली भांडी परत घासतात. पुढच्याच आठवड्यात थोरली सून तोंड बंद ठेवून लखलखीत पातेली घासत होती. सांगलीत सासूबाईंनी ते पाहिलं आणि दोन दिवस माझ्याशी फोनवर बोलल्या नाहीत. त्या बाईंच्या काळात घरात कुणी मेलं नाही. प्रेक्षकांचे आकडे मात्र पडले आणि त्यांना नारळ मिळाला.

दुसऱ्या मुख्य लेखकाने आमचा सेट कधी पाहिलाच नाही. त्याच्या पहिल्या आठवड्यात धाकटी जाऊ विहिरीत पडून गेली. त्या मुलीला ते मेकअपच्या खुर्चीत, हातात कागद आल्यावर कळलं. मला त्याने खलनायिका केलं. सोमवारी मी सासऱ्यांना औषध देत होते, गुरुवारी त्याच औषधात पूड मिसळत होते. माझ्या भुवया वर चढल्या, साड्या गडद झाल्या. साताऱ्याच्या मंडईत एका भाजीवालीने माझ्या हातातली मेथी काढून घेतली. “न्हाई देत जा तुला. काल म्हाताऱ्याच्या औषधात काय घातलंस गं?” मी हसले, पण पिशवी रिकामीच घेऊन परतले.

तो म्हातारा, म्हणजे आमचे सासरे, पडद्याबाहेरही मला सूनबाईच म्हणायचे आणि मी त्यांना मामा म्हणायची. इस्लामपूरजवळच्या गावचे, लष्करातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. पलटणीत असताना आणि नंतर गावच्या जत्रेत नाटकं केलेली, तेवढ्या भांडवलावर ते इथे आले होते. एसटीने यायचे, येताना सगळ्यांना पुरेल एवढा गूळ आणायचे. माझ्या पहिल्या दिवशी कॅमेऱ्यासमोर माझी नजर सारखी खाली जायची. दिग्दर्शक वैतागला. मामा जवळ आले नि म्हणाले, “सूनबाई, डोळं खाली नको. भ्यालीस तरी समोरच्याकडं बघूनच भी.” त्यानंतर मला नोकरी टिकवता आली, ती त्या एका वाक्यावर.

दीड वर्षापूर्वी तिसरा मुख्य लेखक आला. तरुण, गोड बोलणारा. पहिल्याच बैठकीत म्हणाला, “तुम्ही ही माणसं रोज जगता. काही सुचलं तर मला थेट फोन करा.” असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं. सगळे खूश झाले. मी मोजत होते: घरात आता सात माणसं उरली आहेत, त्यातलं एक जाणार.

तिसऱ्या दिवशी दुपारी मला कलाविभागातल्या काकांचा मेसेज आला. ‘ताई, तुमचा एक समोर बघणारा फोटो पाहिजे. साडीतला, दोन्ही खांद्यांवर पदर. दात दिसायला नकोत.’

आमच्या धंद्यात याचा अर्थ एकच. असा फोटो फ्रेममध्ये जातो, फ्रेमला हार जातो आणि फ्रेम भिंतीवर जाते. विहिरीत पडलेल्या जावेचा फोटो याच काकांनी याच शब्दांत मागितला होता. काकांना विचारायचं सोडून मी घराच्या मागे, उसाच्या बांधावर गेले आणि थेट मुख्य लेखकाला फोन लावला. विचारलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मरणाचा फोटो मागणाऱ्याला कुणी ‘कशाला’ विचारत नाही.

हातापाया पडायचं असं ठरवून मी फोन केला होता. पण त्याचा तो मऊ आवाज ऐकला आणि माझ्या तोंडून भलतंच आलं. “सर, एक सुचलंय. घरातला कर्ता पुरुष असेपर्यंत सुना उभ्या राहत नाहीत. सासरे गेले ना, तर गोष्ट खऱ्या अर्थाने सुनांची होईल.”

तो म्हणाला, “ताई, भारी आहे हे!”

मी फोन ठेवला तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला मला लाज वाटते, पण आधी तेच वाटलं. मी वाचले होते. समोर मामा नळावर तोंड धुवत होते आणि खांद्यावरच्या टॉवेलने मान पुसता पुसता त्यांनी मला हात केला.

पंधरा दिवसांत मामा गेले. म्हणजे मालिकेत, झोपाळ्यावर बसल्या बसल्या. अंगणात त्यांना निजवलं, वर पांढरं कापड घातलं, आणि मी त्यांच्या छातीवर डोकं ठेवून आक्रोश केला. आतून मामा पुटपुटले, “जरा हळू आपट गं, बरगडी हाय ती.” सगळे म्हणाले की एवढं खरं रडणं मालिकेत पाहिलं नाही. खरं होतंच ते.

आमच्याकडे रीत आहे, मेलेल्या माणसाचं काम केलेल्याने कट झाल्यावर उठून कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, म्हणजे अशुभ टळतं. मामा उठले, कापड बाजूला केलं आणि हसले. पण हसताना कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते. यांना कळलं की काय? नाही, कसं कळेल, असं मी स्वतःला दहा वेळा सांगितलं.

निघायच्या आधी ते माझ्या खोलीत आले आणि टेबलावर तीन फोटो मांडले. “भित्तीवर लावायला मागितलाय. तूच सांग सूनबाई, कुठला देऊ? रोज तुलाच बघायचाय.” मी फेट्यातल्या फोटोवर बोट ठेवलं. त्यांनी बाकीचे दोन नीट रुमालात बांधले, गुळाचा शेवटचा खडा माझ्या हातावर ठेवला आणि इस्लामपूरच्या गाडीला गेले.

माझ्या फोटोचं काय झालं? महिन्याभराने कलाविभागातल्या काकांनी तो मोठा करून आणला. चार फूट बाय सहा फूट. खाली लिहिलं होतं, ‘सरपंचपदाच्या अधिकृत उमेदवार’. नव्या लेखकाने आल्या दिवशीच ठरवलं होतं, थोरल्या सुनेला खलनायिकेतून बाहेर काढायचं आणि सरपंच करायचं. त्या फ्लेक्ससाठी फोटो हवा होता. दात नकोत, कारण उमेदवार करारी दिसायला हवी होती. मी त्या फ्लेक्ससमोर उभी राहिले. मी कधी धोक्यात नव्हतेच.

त्यानंतर रोज मी मामांच्या फोटोपुढे हात जोडत आले. ग्रामपंचायतीत जायच्या आधी थोरली सून सासऱ्यांच्या फोटोला नमस्कार करते, असं लेखकाने बसवून टाकलं होतं. काच, फेटा, खोट्या झेंडूचा हार आणि आत ते. मला त्यांच्याकडे बघवत नसे. मी डोळे मिटून घ्यायची. दिग्दर्शकाला ते फार आवडायचं. त्यातच एक भीती दबा धरून बसली होती: एखाद्या दिवशी लेखकाच्या तोंडून निघून जाईल आणि मामांना कळेल. कुठलाही अनोळखी नंबर आला की तो मामांकडचा असेल म्हणून मी फोन वाजू द्यायची.

यंदा उन्हाळ्यात असाच एक नंबर सलग तीन दिवस वाजला. चौथ्या दिवशी उचलला. मामांच्या बायको होत्या. “आवं, एकदा येऊन जावा घरी. ह्येंनी बोलवलंय.” आजारी आहेत का विचारलं तर म्हणाल्या, “न्हाई, बरं हायेत. तुमी या.”

सांगलीला जाताना मी वाटेत इस्लामपूरला उतरले. तिथून रिक्षाने त्यांच्या गावी गेले. मामा ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते, जरा वाळलेले, पण ताठ. चहा झाला, उसाची चौकशी झाली. साडेसात वाजले तसा त्यांच्या बायकोने टीव्ही लावला. आणि मी पडद्यावर आले, कडक सुती साडीत, मामांच्या फोटोपुढे उभी. हात जोडले. डोळे मिटले. हार घातलेला माणूस माझ्या शेजारी बशीतून चहा पीत होता. त्यांच्या बायकोने पदर डोळ्यांवर घेतला आणि तो सीन संपेपर्यंत तशाच बसल्या. रोजच त्या अशा बसत असणार.

मला सहन होईना. मी म्हटलं, “मामा, तुम्हाला एक सांगायचंय.”

“मला म्हाईत हाय,” ते टीव्हीकडेच बघत म्हणाले. “त्या लेखकानंच सांगितलं. माझं काम संपनार हे सांगायला, सीनच्या आधी, फोन केला तवा. म्हनला, आयडिया तुमच्या सूनबाईंची, लय हुशार बाई हाय.”

म्हणजे पांढऱ्या कापडाखाली त्यांना माहीत होतं. माझ्या टेबलावर तीन फोटो मांडले तेव्हाही माहीत होतं.

“मग मला काही बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं? भ्यालीस तू. भ्यालेला मानूस शेजारच्याच्या आड लपतो. आमी पलटनीत लय बघितलंय.” त्यांनी बशी खाली ठेवली. “त्यासाठी न्हाई बोलवलं तुला. ही बाई रोज पदरानं डोळं झाकती. म्हनती, सून हात जोडती पन तुमच्याकडं बघत न्हाई, म्हंजी तुमी खरंच गेलाय. एवढंच कर. फोटूकडं बघत जा.”

मी त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही.

सुट्टीनंतर सेटवर पहिलाच सीन फोटोसमोरचा होता. मी हात जोडले आणि फोटोकडे बघत राहिले. “ताई, डोळे मिटा,” दिग्दर्शक म्हणाला. दुसऱ्या टेकलाही मी मिटले नाहीत. तिसऱ्याला तो चिडला. मी म्हटलं, “आजपासून नाही मिटणार.” घड्याळ बघून त्याने तो टेक ठेवला. तेव्हापासून तसंच चालू आहे, आणि दिग्दर्शक माझ्याशी कामापुरतंच बोलतो. त्याने वर काय कळवलं असेल ते मला माहीत नाही.

आता चौथा मुख्य लेखक आलाय. घरात सहा माणसं आहेत. काल दुपारी जेवणाच्या सुट्टीत कलाविभागातल्या काकांचा मेसेज आला. ‘ताई, एक समोर बघणारा फोटो पाहिजे.’

नव्या लेखकाचा नंबर माझ्याकडे आहे. घरातल्या बाकीच्या पाच जणांपैकी कुणाचं काम कुठे पातळ आहे हेही मला ठाऊक आहे, आणि ते आपोआप डोक्यात यायला लागलं होतं. मी फोन हातात घेऊन त्या उसाच्या बांधापर्यंत गेलेसुद्धा. तिथे थोडा वेळ उभी राहिले. मग फोटो निवडला, काकांना पाठवला आणि जेवायला परत आले.