पेनीने कळपातून काढलेलं जनावर

आधीच सांगून टाकते. अंगारे-धुपारे, दृष्ट, स्वप्नातले संकेत… यातलं काहीही माझ्या घरात चालत नाही. इंग्लंडात, कॉव्हेंट्रीच्या एका हॉस्पिटलात मी वॉर्ड सिस्टर आहे. "कॉरिडॉरमध्ये कुणीतरी उभं आहे" म्हणून रडत आलेल्या स्टुडंट नर्सला मी गोड चहा देते आणि बेडपॅन धुवायला पाठवते. भूत जातं. माझ्या पर्समध्ये कायम एक यादी असते, आणि जे यादीत बसत नाही त्याला मी सहसा वेळ देत नाही. म्हणूनच हे इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लिहायला मला इतकी वर्षं लागली.

गोष्ट १९७३ च्या ऑगस्टमधली, पण सुरुवात त्याआधी दोन वर्षं, वसुबारसेला झाली. मंडळातल्या बायकांना त्या वर्षी फोटोची नाही, खऱ्या गाय-वासराची पूजा हवी होती. "कमल करेल व्यवस्था," असं माझी मैत्रीण नलू परस्पर सांगून मोकळी झाली. मी आसपासच्या शेतकऱ्यांना फोन लावले. बहुतेकांना ही चेष्टा वाटली. एकाने मात्र शांतपणे विचारलं, "गाईला फार वेळ उभं राहावं लागेल का?" तो टेड.

टेडचं फार्म केनिलवर्थच्या पुढे. गडी साठीचा, तरुणपणी कॅनडात गुरांच्या मोठ्या रँचवर काम करून आलेला. साड्यांवर कोट आणि पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी वेलिंग्टन बूट अशा अवतारात आमची पूजा झाली. गाईने पुरणपोळी खाल्ली, वासराने नलूचा पदर खाल्ला. बाकीच्या जणी चहाला गेल्या आणि मी कुंपणाशी थांबले, कारण पलीकडे टेड घोड्यावर बसून काहीतरी विलक्षण करत होता.

त्याला कटिंग म्हणतात. घोडा गुरांच्या कळपात हळूच शिरतो, एकच जनावर बाहेर काढतो आणि मग त्याला परत कळपात जाऊ देत नाही. जनावर डावीकडे धावलं की घोडा डावीकडे, उजवीकडे वळलं की उजवीकडे, अगदी आरशासारखा. आणि गंमत म्हणजे, एकदा जनावर वेगळं झालं की स्वाराने लगामाचा हात घोड्याच्या मानेवर खाली ठेवायचा. पुढचं सगळं घोडा ठरवतो.

"मला शिकवाल?" मी विचारलं. वय एक्केचाळीस, कपाळावर हळदीकुंकू.

टेडने माझ्या साडीकडे, मग बुटांकडे पाहिलं. "रविवारी पँट घालून या."

नलू म्हणाली, "अगं, या वयात बायका भिशी लावतात! तू घोड्यावर बसणार?"

आमचे हे डॉक्टर. त्यांनी पेपरमधून डोकंही वर काढलं नाही. "पडलीस तर मंगळवारी ये. फ्रॅक्चर क्लिनिक असतं."

पडले. बऱ्याचदा पडले. पण माझी खरी अडचण पडण्याची नव्हती. कुठलं गोऱ्हं काढायचं, ते कुठे पळेल, मी कुठे वळवणार, हे सगळं मी आधीच ठरवून जायची. गोऱ्हं दुसरीकडेच पळायचं. माझा हात आपोआप वर यायचा, लगाम ताणला जायचा, घोडा गोंधळायचा आणि गोऱ्हं आमच्या नाकासमोरून कळपात परत.

"मिसेस के," टेड कुंपणावरून ओरडायचा, "तुम्ही परत मॅनेज करताय! तो घोडा आहे, तुमची नर्स नाही!"

"नर्स असती तर आतापर्यंत शिकली असती!" मी उलट ओरडायची.

त्या फार्मवर पेनी नावाची एक तांबडी घोडी होती. एके काळी ती टेडची सगळ्यात हुशार कटिंगची घोडी. एका बैलाने तिला फाटकाशी दाबून तिची कूस फाडली होती. जखम भरली, पण गुरं समोर आली की तिला कापरं भरायचं. मान फिरवून ती उलटी चालायला लागायची. मी तिला खरारा करायची, गाजरं घालायची, माळावर फिरवायची. गुरं नसली की ती लोण्यासारखी चालायची.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात टेड म्हणाला, "ऑगस्टअखेरच्या बँक हॉलिडेच्या सुट्टीनंतर पेनीला न्यायला माणूस येतोय."

"कुठे न्यायला?"

त्याने बुटाच्या टोकाने माती उकरली. मग मला कळलं, खाटकाकडे.

"आणि तिने काम केलं तर?"

"दोन वर्षांत नाही केलं, मिसेस के."

"बँक हॉलिडेला तुमचा कटिंगचा शो आहे ना? मी बसते तिच्यावर. तिने एक जनावर कळपाबाहेर राखलं तर ती इथेच राहील. बोला."

टेडने पेनीकडे पाहिलं. मग म्हणाला, "ती गेटातूनच परत फिरेल. लोकांसमोर तुमची शोभा होईल."

"माझी शोभा मी बघते."

शोच्या दिवशी लख्ख ऊन होतं. दुपारची वेळ, कुंपणाभोवती दोनएकशे माणसं, त्यांत आमचे हे आणि छत्री घेतलेली नलू. परीक्षक बाहेरगावचे, आमच्यापैकी कुणालाही न ओळखणारे. गुरं शेजारच्या शेतकऱ्याकडून मागून आणलेली, सगळी एकाच जातीची अँगस गोऱ्ही. काळी कुळकुळीत, बिनशिंगांची. हे नीट लक्षात ठेवा. सकाळी ती ट्रकमधून उतरवून घ्यायला मी स्वतः उभी होते. काळ्याशिवाय त्यात एक केस नव्हता.

गेटाशी पेनीला कापरं भरलं. माझ्या मांड्यांना तिचं हृदय ऐकू येत होतं म्हणा ना! मी तिच्या मानेवर हात ठेवून मराठीतच म्हटलं, "चल बाई. नाही जमलं तर नाही जमलं, पण आत तर जाऊ."

ती आत गेली. एकेक पाऊल टाकत, कान टवकारून ती कळपात शिरली. काळ्या पाठी दोन्हीकडे सरकल्या… आणि आमच्यासमोर एक जनावर उरलं. गव्हाळ रंगाची कालवड, डावा कान फाटलेला.

मला एवढंच वाटलं, की ही कुठून आली? पुढचं वाटायला वेळच मिळाला नाही. कालवड उसळली आणि पेनी खाली बसल्यासारखी झाली. खरंच सांगते, तिची छाती जमिनीला लागतेय की काय असं वाटलं. कधी खाली गेला कुणास ठाऊक, पण माझा हात तिच्या मानेवर होता आणि लगाम सैल लोंबत होता. दुसऱ्या हाताने मी खोगिराचा खुंटा घट्ट धरून ठेवला. डावीकडे, परत डावीकडे, गर्रकन उजवीकडे. कालवड थबकली, पेनी थबकली. दोघींची नाकं समोरासमोर. मग कालवडीने अशी काही हूल दिली की पेनीच्या जागी मी असते तर फसलेच असते. पेनी फसली नाही. अडीच मिनिटांची वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा कालवड मागे हटून उभी होती आणि मी मोठमोठ्याने हसत होते. आयुष्यात इतकी कधी हसले नसेन.

लोक टाळ्या वाजवत होते. पहिला नंबर आमचा! परीक्षक हात मिळवत म्हणाले, "तो पट्ट्यापट्ट्यांचा गोऱ्हा निवडलात, धाडस केलंत. कठीण होता."

"पट्ट्यांचा?" मी म्हटलं. पण ते पुढे गेले होते.

चहाच्या तंबूत नलूने मला मिठी मारली. "काय ती पांढरीशुभ्र गाय गं! मला तर नमस्कारच करावासा वाटला."

"पांढरी कुठली, नलूताई?" हे म्हणाले. "काळा होता. सगळे काळेच तर आहेत."

"बघ बाई, निदान एक माणूस तरी शुद्धीवर आहे," मी म्हटलं.

"काळाच," यांनी कपात साखर ढवळली. "शिंगं केवढी होती पण त्याची! मला भीती वाटली, तुला लागतील म्हणून."

मग यांनी चमचा घेतला आणि टेबलक्लॉथवर जनावर कसं धावलं ते काढायला लागले. डावीकडे, परत डावीकडे, गर्रकन उजवीकडे, मग ती हूल. नलू प्रत्येक वळणाला "हो, हो, अस्संच" म्हणत होती. वळणांबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. तसूभरही नाही.

मी उठून तडक गुरांकडे गेले. शेजारचा शेतकरी ती ट्रकमध्ये चढवत होता. एकूण एक काळी, बिनशिंगांची. "आणली तेवढीच नेतोय," तो म्हणाला. "दुसरं जनावर इथे असेल कुठलं? टेडची गुरं तर नदीकाठी आहेत." जाऊन पाहिलं. नदीकाठीच होती, आणि त्यांतही गव्हाळ काही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी डोळे तपासून घेतले. ठणठणीत निघाले. उन्हाचा त्रास म्हणावा, तर नलू छत्रीत होती. बिअर म्हणावी, तर आमच्या तिघांत कुणी घेत नाही. सामूहिक भ्रम असं यांनी एकदा म्हणून पाहिलं. मी विचारलं, "मग सगळ्यांना वेगवेगळा कसा?" त्यावर त्यांनी पेपर उघडला.

टेडला मात्र मी शोच्याच दिवशी गाठलं होतं. संध्याकाळी तो पेनीच्या तबेल्यात सापडला. तिच्या कुशीवरच्या त्या जुन्या व्रणावर हात ठेवून उभा होता.

"टेड, तुम्हाला कुठलं जनावर दिसलं?"

तो वळला नाही. "मी घोडीकडे बघत होतो, मिसेस के."

"टेड."

"त्या माणसाला फोन केलाय. येऊ नको म्हणून सांगितलं."

त्याने काय पाहिलं ते त्याने आजतागायत सांगितलेलं नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही. पेनी मात्र त्यानंतर गुरांना कधी बिचकली नाही. साधी, खरीखुरी, काळी-तांबडी गुरं ती दर रविवारी राखते आणि पाठीवर मी असते. नलू सगळ्यांना सांगते की प्रत्यक्ष गोमातेने येऊन घोडीला वाचवलं. मी तिला अडवत नाही, पण तसं म्हणतही नाही.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. घोडी आहे.