कुलकर्णींच्या गाडीचं मागचं दार

निघालो होतो दोन शॉकर शोधायला. शॉकर मिळायच्या आधी किस्सेच गोळा झाले. इथे कोलकात्याच्या मराठी मंडळात चहाचा कप हातात पडला की कुणीतरी म्हणतंच, "अण्णा, दाराचं सांगा!" मी उगाच बडबडणारा माणूस नाही. चौथी शिकलो, बजबजच्या गिरणीत फिटर म्हणून आयुष्य काढलं. पण हे मीच सांगतो. दुसरा सांगेल तर मीठमसाला लावेल.

कुलकर्णी बँकेतून रिटायर झाले आणि त्यांनी जुन्या मिनीबसचं मोटरहोम करवलं. आत पलंग, शेगडी, पडदे. मागचं दार वर उचललं की त्याखाली स्वयंपाकाचा ओटा. दार तोलून धरायला दोन्ही बाजूंना गॅसचे शॉकर, कारच्या डिकीला असतात तसे. त्यांतला गॅस गेला. न्यू टाउनच्या सोसायटीतल्या लोकांना गाडी दाखवताना दार कुलकर्णींच्याच डोक्यात बसलं.

त्यांच्या मिसेस, आमच्या मालतीवहिनी, म्हणाल्या, "आपल्या घराच्या दाराने आजवर कुणाला मारलं नव्हतं!"

वहिनींच्या थोरल्या भावाची कोल्हापुरात पंचाहत्तरी होती. तिथे वहिनींना घेऊन जायचं म्हणून तर कुलकर्णींनी गाडी केली होती. वहिनींनी सांगून टाकलं, "दार आपलं आपण उभं राहिलं तर गाडीने येईन. नाहीतर रेल्वेचं तिकीट काढलंय."

"आणि माझं?"

"एकच काढलंय."

*

मी आणि कुलकर्णी आधी मल्लिक बाजारात गेलो. जुन्या गाड्यांचे पार्ट तिथे मिळतात. दुकानदाराने विचारलं, कुठली गाडी? कुलकर्णी भारावून सांगायला लागले. पलंग सांगितला, शेगडी सांगितली, पडद्यांचा रंगसुद्धा सांगितला.

"ये तो घर है, दादा! फर्निचरवाले के पास जाइए."

फर्निचरच्या दुकानात गेलो. पेटीच्या पलंगाला असेच शॉकर असतात. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, कुठल्या पलंगाचा?

"पलंगाचा नाही, दाराचा."

कुठल्या खोलीचं दार?

"बसचं."

बाईंनी आम्हाला पंख्याखाली बसवलं आणि पाणी दिलं. म्हणाल्या, बाहेर ऊन फार आहे!

*

आमच्यातला तिसरा देसाई. आयटीत आहे. म्हणाला, "अण्णा, बाजारात कशाला भटकता? ऑनलाइन मागवतो." फोनवर फोटो दाखवला. हुबेहूब तोच शॉकर.

पार्सल आलं. केवढं? काडेपेटीपेक्षा जरा मोठं! स्वयंपाकघरातल्या कपाटाचे शॉकर होते.

"फोटोत मोठे दिसत होते," देसाई म्हणाला.

वहिनी म्हणाल्या, "लग्नाच्या वेळी मलाही असाच फोटो दाखवला होता." कुलकर्णींनी पेपर तोंडासमोर धरला.

*

मग गाडी बेहालाला घोषबाबूंच्या गॅरेजमध्ये नेली. घोषबाबू माझे जुने स्नेही. जोरदार शॉकर हवा, असं मी सांगितलं. आजही माझं मत तेच आहे. घोषबाबूंनी कुठल्याशा मोठ्या गाडीचे शॉकर आणून बसवले.

कुलकर्णींनी हँडल धरलं, खटका सोडला. दार वर गेलं. कुलकर्णीही गेले!

त्यांना उतरवलं. आता दार बंद होईना. मी लोंबकळलो, देसाई लोंबकळला. दार हलेना. पाड्यातली, म्हणजे त्या आळीतली, माणसं जमली. कोलकात्यात माणूस मदतीला येतो, पण सल्ला दिल्याशिवाय हात लावत नाही. तो सगळा सल्ला ऐकून झाल्यावर शेवटी सगळे मिळून लोंबकळलो. दार लागलं.

कुलकर्णी घाम पुसत म्हणाले, "प्रवासात रोज एवढी माणसं कुठून आणू?"

घोषबाबू शांतपणे म्हणाले, "केनो? रास्ताय लोक नेई?"

का, रस्त्यात माणसं नाहीत?

*

जोर किती हवा ते कळायला दाराचं वजन हवं, असं देसाईने कुठेतरी वाचलं. दार काढलं आणि भंगारवाल्याच्या काट्यावर नेलं. भंगारवाल्याला वाटलं, विकायला आणलंय. त्याने भाव सांगितला.

"हा काय भाव झाला?" कुलकर्णी म्हणाले.

तो थोडा चढला. कुलकर्णींनी आणखी चढवला. बँकेत जन्म गेला, समोरच्याचा पहिला आकडा मान्य करायची सवयच नाही! अर्धा तास घासाघीस चालली. शेवटी भंगारवाल्याने हात जोडले आणि कबूल केलं.

कुलकर्णी छाती फुगवून म्हणाले, "अण्णा, बघा कसा वर आणला! द्या दार!"

मी दारावर बसून राहिलो. नाहीतर ते कोल्हापूरला दाराशिवाय गेले असते.

*

त्या वजनावरून मागवलेले योग्य शॉकर आले ते विश्वकर्मा पूजेच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी वहिनींची रेल्वे. गाडी आणि माझी हत्यारांची पेटी घोषबाबूंकडेच होती. आम्ही तिघं बेहालाला पोचलो, तर गॅरेजमध्ये मूर्ती, ढाकाचा ढोल, प्रसादाची खिचडी, वर आकाशात सणाचे पतंग. सगळी हत्यारं देवापुढे, शेंदूर लावून. त्या दिवशी कुणी हत्याराला हात लावत नाही.

मी म्हणालो, "तुमचं आज. आमची हत्यारांची पूजा दसऱ्याला. माझी पेटी कुठाय?"

घोषबाबूंनी मूर्तीकडे बोट केलं. माझा पाना, माझा पेचकस, सगळ्यांवर झेंडूचं फूल!

"आपनारटाओ पूजो पेयेछे, दादा."

तुमच्यालाही पूजा मिळाली! कुलकर्णी पायरीवर बसले. बायको उद्या एकटी जाणार, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

तेवढ्यात वहिनी रिक्षातून उतरल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. अंबाड्यातला आकडा काढला आणि जुन्या शॉकरची क्लिप त्याने टचकन उचकटली.

देसाई घाबरून घोषबाबूंकडे बघायला लागला. घोषबाबूंनी विचार केला. म्हणाले, आकड्याची पूजा होत नाही. चालेल!

नवे शॉकर मी हाताने दाबून बसवले. वहिनींनी एका बोटाने दार उचललं. दार वर गेलं आणि थांबलं. बराच वेळ बघितलं. हललं नाही. एका हाताने बंदही झालं.

"मालती, बस आता!" कुलकर्णी म्हणाले.

वहिनी पुढे गेल्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या.

"अगं, तिकडे कुठे?"

"गाडीने येईन म्हणाले होते. कुठे बसेन ते नव्हतं सांगितलं."

बेहालाची ती गल्ली. कुलकर्णींनी तिथून गाडी काढताना दरवेळी कुणाची ना कुणाची भिंत खरवडली होती. वहिनींनी आरसा बघितला, रिव्हर्स टाकला आणि एका दमात गाडी मोठ्या रस्त्यावर काढली.

वहिनींना गाडी शिकवली कुणी? आम्ही तिघांनी घोषबाबूंकडे बघितलं.

ते आकाशातले पतंग बघत होते.