बारा लाखांचा बाप

धुळ्याला, देवपुरात, एका फार्मसी कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान किरणचं, पण पोरं येऊन विचारतात ते ‘कामिनीताई आहेत का?’ म्हणून. कामिनी त्याची बायको, वय पंचवीस. शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज तीच भरते. प्रवेश सुरू झाले की तिच्या कॉम्प्युटरपुढे आई-बापांची रांग लागते आणि प्रत्येकाला तिचा पहिला सवाल ठरलेला असतो, “उत्पन्नाचा दाखला काढला तेव्हा घरात पाहुणे नव्हते ना?”

लोक हसतात. ताई मोठी विनोदी आहे, असं म्हणतात. पण हा विनोद तिला फार महागात पडलेला आहे.

कामिनी मूळची असोद्याची. वडील भाईदास, चार एकर केळीवर घर चालवणारे. थोरला भाऊ ललित, धाकटा कुंदन. सात वर्षांपूर्वी कामिनी बारावीला घरात कुणी मिळवले नव्हते एवढे मार्क घेऊन पास झाली आणि तिचा फार्मसीला नंबर लागला. कॉलेज कोणतं, तर हेच, जे आज तिला खुर्चीवर बसल्या बसल्या दिसतं. फी झेपणारी नव्हती, पण शिष्यवृत्ती मिळाली तर जमण्यासारखं होतं. अट एकच मोठी : घरचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. भाईदासच्या घरात आठ लाख कुणी स्वप्नातसुद्धा पाहिले नव्हते, तेव्हा काळजी कसली? तलाठ्याचा अहवाल घ्यायचा, तहसीलमधून दाखला आणायचा, अर्जाला जोडायचा.

पण त्याच दिवसांत ललितच्या लग्नाचं चाललं होतं. शेती करणाऱ्या पोराला हल्ली मुलगी मिळणं म्हणजे दिव्यच. ज्याला त्याला नोकरीवाला जावई हवा, तोही पुण्याचा. तीन वर्षं नकार पचवल्यावर मुक्ताईनगरचं एक स्थळ घर बघायला येतो म्हणालं. आणि केळीच्या पट्ट्यात घर बघायला येणारे भिंती बघत नाहीत, बागायत बघतात.

ते ओसरीवर पोहे खात बसले होते आणि नेमका तलाठी दारात आला. भाईदासने त्याला “नंतर या” म्हणायचं, की नाही? उलट हाताला धरून आत आणलं. सरकारी माणूस आपल्या घरी चालत येतो, हेही पाहुण्यांना दिसावं ना!

“भाईदासभाऊ, पोरीच्या दाखल्याचं होतं,” तलाठी म्हणाला. “उत्पन्न किती लिहू?”

भाईदासने पाहुण्यांकडे पाहिलं आणि मांडी ऐसपैस केली. “लिव्हा ना बारा लाख. केयीचेच दहा येता.”

तलाठ्याचा पेन थांबला. “भाऊ, नीट विचार करून सांगा. दाखला शिष्यवृत्तीसाठी आहे.”

“मंग? मी काय भिकारी हाये का?”

पाहुण्यांतला म्हातारा खूश होऊन मान डोलवू लागला. तलाठ्याने लिहिलं, भाईदासने खाली झोकात सही ठोकली. कामिनी चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यातच उभी होती. तिने तोंड उघडलं, तोच आतून तिच्या आईने, लताबाईने, असे डोळे वटारले की ती मुकाट चहा वाटू लागली.

पाहुणे गेल्यावर ती बापाच्या मागे लागली. “आबा, उद्याच जा आणि ते बदलून आणा. माझी जागा जाईल.”

“येडी झाली का तू? त्यायचा साडू तहसीलमधे कारकून हाये. बाराचे दोन लाख केले त लगन मोडीन. ललितचं होऊ दे, मंग पाहू.”

लग्न झालं. मांडव मोठा, बँड जळगावचा, बारा लाखांच्या धन्याला शोभेल असा. तोवर अर्जाची मुदत संपली, हातात होतं नव्हतं ते मांडवात गेलं आणि फीअभावी कामिनीची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. ‘पोरीच्या जातीला शिक्षण कशाला’ असं बाप म्हणाला असता, तर तिला भांडता तरी आलं असतं. तो म्हणाला, “पुढच्या वर्षी.” पुढच्या वर्षी किरणचं स्थळ आलं. तिचं शिक्षण बारावीवर थांबलं ते कायमचं.

हे सगळं तिने गिळलं. नवरा भला होता, दुकान चालत होतं. कॉलेज सुटलं की पांढरे कोट हातावर टाकून मुली झेरॉक्सला येत, तेव्हा तेवढी ती मान खाली घालून काम करी.

परवा भाईदास आला. बरोबर कुंदन, त्याला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळालेला. दुकान माणसांनी भरलेलं. कामिनीने बापाला पाणी दिलं, कुंदनचे कागद घेतले आणि उत्पन्नाचा दाखला पाहून तिचा हात थांबला. दीड लाख. बाग तीच, एकर तेवढेच.

“आबा, बारा लाख कुठे गेले?”

“तलाठ्याच्या घरी दोनदा गेलो,” भाईदास भर दुकानात मोठ्याने सांगू लागला. “म्हटलं, बाप्पा, आम्ही गरीब मानसं, कमीत कमी लिव्हा.”

“एवढ्या लोकांत गरीब म्हणवून घेताना काही वाटलं नाही?”

“वाटायचं काय त्यात? पोराच्या जिंदगीचा सवाल हाये. इज्जत काय चाटायची हाये?”

कामिनीने एक एक रकाना भरला. कुठे चूक ठेवली नाही. या घरातल्या आणखी कुणाला शिष्यवृत्ती मिळाली आहे का, असं अर्जात विचारलं होतं. तिने ते मोठ्याने वाचून बापाकडे पाहिलं.

“कोनालेच नाही,” भाईदास म्हणाला. “आमच्या घरात शिकनारा हा पह्यलाच.”

“आणि मी, आबा?” ती म्हणाली. “मी काय पाहुण्यांना पोहे द्यायला जन्मले होते?”

रांगेतले लोक हसले. भाईदासही हसला. “पह्यल्यापासून अशीच हाये,” त्याने शेजारच्या माणसाला कौतुकाने सांगितलं. “लई विनोदी.”