गिफ्ट म्हणजे विष

पूर्णगडच्या वजीरचं अर्धं आयुष्य परदेशी बोटींवर गेलं. पहिल्याच बोटीवर, हँबर्गच्या बंदरात, त्याला एक डबा दिसला. वर ‘गिफ्ट’ छापलेलं. कुणीतरी भेट ठेवलीय म्हणून तो उघडायला गेला, तर बोटीवरच्या नॉर्वेच्या मेटनं, कप्तानाच्या हाताखालच्या अधिकाऱ्यानं, त्याचा हात धरला. आत उंदरांचं औषध होतं.

“इंग्रजांकडे गिफ्ट म्हणजे भेट, जर्मनांकडे विष,” मेट म्हणाला. “आमच्याकडे विषही आणि लग्न झालेलं माणूसही. मूळ एकच, देणं. कुणी औषधाचा घोट दिला, कुणी मुलगी दिली.”

सुट्टीवर आला की वजीर हा किस्सा लेकीला, आयातला, सांगायचा.

पुढे तो समुद्रावर असताना धाकट्या भावानं, आमीरनं, बापाची होडी त्याला न विचारता विकली. तेव्हापासून भाऊ शेजारी राहूनही बोलेनासे झाले.

आयातचं लग्न लांज्यात ठरलं. चाचाला आमंत्रण तिनंच दिलं, बापाच्या नकळत. निकाहच्या दिवशी टेम्पोतून फ्रीज उतरला.

“भाय, पोरीला माझ्याकडून गिफ्ट,” आमीर म्हणाला.

वजीर लांज्याच्या पाहुण्यांदेखत बोलला, “जर्मनीत गिफ्ट म्हणजे विष. तुझ्या हातून दुसरं काय येणार? उचल ते.”

बायकोनं, कनीजनं, त्याची बाही ओढली. त्यानं तिचा हात झटकला.

आमीरचा चेहरा उतरला, मग तापला. “होडी किनाऱ्यावर सडत होती. अम्मी अंथरुणाला खिळलेली. तू कुठं होतास?”

“म्हणून विकलीस?”

“हो. आजही विकली असती.”

आयात आतून बाहेर आली. “बाबा, त्याच शब्दाचा अर्थ लग्न झालेली असाही होतो ना? तुम्हीच सांगायचात. फ्रीज माझ्याबरोबर जाईल.”

“मग तूही त्याचीच,” वजीर म्हणाला.

ती “बरं,” एवढंच म्हणाली.

पाठवणीला वजीर मागच्या पडवीतून उठलाच नाही. आयातला गाडीत आमीरनं बसवलं.

आता ईदला ती चाचाकडे उतरते. कनीज तिकडे जाऊन तिला भेटून येते. गेल्या ईदला तिनं नवऱ्याला विचारलं, “पोर पोटुशी आहे. येता?”

वजीरनं टोपी घातली, चपला घातल्या. आमीरच्या अंगणापर्यंत गेला. आतून भावाचं हसणं ऐकू आलं, तसा तो वळला आणि खाडीच्या वाटेनं चालू लागला. कनीज हाक न मारता एकटीच आत गेली.