शेजारणीच्या गारगोट्या

भूशास्त्राची एम.एस्सी. माझ्याकडे होती आणि दगड तिच्याकडे होते. अमेरिकेतल्या चँडलर गावातली माझी पहिली दोन वर्षं या एका अन्यायावर कुढण्यात गेली.

ती म्हणजे आमच्या समोरच्या दारात राहणारी नागपूरची शेजारीण. दोघींचे नवरे एकाच चिप बनवणाऱ्या कंपनीत, आणि दोघी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे दोघींनाही नोकरी करायची बंदी. तिला त्याचं काही वाटत नसे. ती बी.कॉम. झाली होती, नोकरी तिने कधी केली नव्हती आणि करायचीही नव्हती. मी पुण्यात वर्षभर कॉलेजात शिकवलं होतं. त्याआधी दोन वर्षं वाघोलीच्या खाणींतून हातोडी घेऊन उन्हात हिंडले होते. लाव्हा थंड होताना त्यात वाफेचे बुडबुडे कसे अडकतात, मग त्या पोकळ्यांत पाणी झिरपून स्फटिक कसे वाढतात, हे मी पोरांना फळ्यावर काढून दाखवलं होतं. अमेरिकेला निघताना मात्र माझे सगळे नमुने आईकडे माळ्यावर राहिले. ‘दगड कुणी विमानातून नेतं का?’ असं सासूबाई म्हणाल्या आणि मी मान डोलावली. त्यांच्या हातातला कुकर मुकाट्याने बॅगेत भरला.

शेजारणीचा भाऊ जळगावकडे विहिरी खोदायची कामं घ्यायचा. सुरुंग लावला की काळ्या दगडाच्या पोटातून गारगोट्या निघायच्या. त्या तो जुन्या साड्यांत गुंडाळून बहिणीच्या बॅगेत भरून द्यायचा. तिच्या घरात कुणी विमानाबद्दल बोललं नसावं. तिने त्या टीव्हीशेजारी, प्लॅस्टिकच्या गुलाबांच्या मधे मांडल्या होत्या आणि चमक यावी म्हणून ती दर शुक्रवारी त्यांना खोबरेल तेल चोळायची. मी पहिल्यांदा तिच्याकडे चहाला गेले तेव्हा कप हातात घ्यायचं विसरून तशीच उभी राहिले.

“काहून अशी पाहून राहिली?” तिने विचारलं.

“अगं, हे काय आहे माहीत आहे का तुला? हे हिरवं अपोफिलाइट. हे गुलाबी स्टिल्बाइट. आणि हा पांढऱ्या सुयांचा झुबका आहे ना, हे स्कोलेसाइट.”

“आमच्याकडे सगळ्यांना गारगोटीच म्हणतात.”

दुसऱ्या दिवशी मी भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन गेले आणि दुपारभर बसून सगळं तेल काढलं. सुयांच्या झुबक्याला मात्र ब्रश लावू दिला नाही, नुसत्या पाण्यात बुडवून काढला. नंतरचे काही महिने फार सुखाचे गेले. ती विचारायची, मी सांगायची. स्कोलेसाइट ज्योतीवर तापवलं तर अळीसारखं वळतं, हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी गुणी विद्यार्थिनी मला पुण्यातसुद्धा मिळाली नव्हती.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. आम्ही बाकीच्या जणींनी वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे नाहीतर स्टीलचे चमचे दिले. हिने प्रत्येकीला जाळीच्या पोटलीत एकेक गारगोटी दिली. बायका वेड्याच झाल्या. आणि ही सोफ्याच्या हातावर बसून त्यांना सांगत होती: लाव्हा, वाफ, बुडबुडे, पाणी. वाक्यं माझी. बुडबुडा दाखवताना हाताची ओंजळ करायची लकबसुद्धा माझी. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा हिरवी पैठणी नेसलेला असतो, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या पोटलीत नखाएवढा तुकडा निघाला, त्याचाही एक कोपरा उडालेला. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, “वाण म्हणून दगड वाटले लोकांनी.” तो म्हणाला, “आयडिया चांगली आहे यार.” त्याच्याशी मी संध्याकाळभर बोलले नाही.

हळदीकुंकवाला खालच्या मजल्यावरच्या अमेरिकन आजी आल्या होत्या. त्यांनी आपलं वाण नवऱ्याला दाखवलं. हे आजोबा गावातल्या दगड जमवणाऱ्यांच्या क्लबात तीस वर्षं होते. दुसऱ्या दिवशी ते शेजारणीकडे आले, टीव्हीसमोर उभं राहून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि एकेक दगड वाकून पाहिला. मग म्हणाले, मार्चच्या बैठकीत हे सगळे नमुने घेऊन या आणि त्यांच्याबद्दल आम्हाला सांगा. हे ते तिला म्हणाले. मी तिथेच होते, चहाचा ट्रे धरून. तिने माझी ओळख ‘माझी मैत्रीण’ अशी करून दिली, त्यांनी हसून हॅलो केलं आणि पुन्हा दगडांकडे वळले.

मी एम.एस्सी. आहे हे त्याच वेळी सांगायला माझी जीभ काही झडली नव्हती. पण ते तिने सांगावं असं मला वाटत होतं. तिने ते सांगितलं नाही आणि मी ट्रे घेऊन स्वयंपाकघरात गेले. खरं सांगायचं तर माझा नुसता जळफळाट झाला. मला तिचा नवरा, तिची पैठणी, काही नको होतं. त्या हॉलमध्ये, त्या दगडांपाशी, यातलं मला कळतं असं चार माणसांना कळावं, एवढंच हवं होतं. या देशात दोन वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. पहिल्यांदा विचारलं तेही तिला.

बैठकीच्या आदल्या आठवड्यात ती कोरी कार्डं घेऊन आली.

“लेबल्स तू लिहून दे ना यार. मला तर स्पेलिंग पण येत नाही. मी नुसती वाचून दाखवते.”

चौदा दगड होते. तेरा लेबलं मी बरोबर लिहिली. चौदावं त्या पांढऱ्या सुयांचं. त्यावर मी ‘नेट्रोलाइट’ लिहिलं. नेट्रोलाइट दिसायला तसंच असतं, पण आमच्याकडच्या काळ्या दगडात असा झुबका निघाला की तो बहुतेक वेळा स्कोलेसाइटच असतो, आणि हा तर होताच. मी तो भिंगाखाली पाहिला होता, टोकावरच्या रेघांसकट. तिला मीच हे नाव सांगितलं होतं, पण एव्हाना ती माझ्या अक्षरावर स्वतःच्या आठवणीपेक्षा जास्त भरवसा ठेवत होती. माझा बेत साधा होता. तीस वर्षं दगड पाहिलेले आजोबा ही चूक पकडणार, ही गोरीमोरी होणार, आणि मग मागच्या रांगेतून मी उठून शांतपणे खरं नाव सांगणार. अक्षर इतर तेरांपेक्षा सुरेख आलं.

लायब्ररीच्या हॉलमध्ये पंचवीसेक माणसं होती, बहुतेक पांढऱ्या केसांची. मी ठरल्याप्रमाणे मागच्या रांगेत बसले. ती उभी राहिली, पदर सावरला आणि तिच्या इंग्रजीत म्हणाली:

“मी फक्त या दगडांवरची धूळ पुसते. मला जे येतं ते सगळं माझ्या मैत्रिणीने शिकवलं. ती भूशास्त्रज्ञ आहे, एम.एस्सी. झालेली. आधी ती तेल काढायला आली म्हणून हे दगड वाचले. ही लेबलं तिची आहेत.” आणि तिने माझ्याकडे हात केला. सगळी डोकी मागे वळली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मला त्या क्षणी पुढे धावत जाऊन ते एक कार्ड खिशात घालावंसं वाटलं. पण आजोबा आधीच टेबलापाशी पोचले होते, भिंग काढून सुयांच्या झुबक्यावर वाकले होते. लेबल त्यांनी दोनदा वाचलं.

“मी याला स्कोलेसाइट म्हटलं असतं,” ते मला म्हणाले. आवाजात जराही कुचकेपणा नव्हता. “तुमची खात्री आहे?”

मी उत्तर द्यायच्या आत ती म्हणाली, “दगडांच्या बाबतीत ती कधी चुकत नाही.”

चूक झाली, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. हात चुकला, घाईत लिहिलं, काहीही चाललं असतं. पण पंचवीस माणसं माझ्याकडे पाहत होती, आणि त्यांनी मला नुकतंच भूशास्त्रज्ञ म्हणून पाहायला सुरुवात केली होती.

“हो,” मी म्हटलं. “नेट्रोलाइट.”

आजोबांनी मान डोलावली. मग त्यांनी स्वतःच्या पिशवीतून आत कापूस घातलेली एक डबी काढली. तीत कितीतरी वर्षांपूर्वी कुणीतरी त्यांना भारतातून आणून दिलेला तसलाच झुबका होता, आज आम्हाला दाखवायला मुद्दाम आणलेला. खालच्या कार्डावर पिवळट झालेल्या शाईत ‘स्कोलेसाइट’ लिहिलं होतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, त्या शब्दावर पट्टी धरल्यासारखी सरळ रेघ मारली आणि वर ‘नेट्रोलाइट’ लिहिलं. माहिती देणाऱ्याचं नाव खाली नोंदवायची त्यांच्या क्लबात पद्धत होती. त्यांनी मला माझं नाव विचारलं आणि मी सांगितलं तसं एकेक अक्षर लिहिलं. पुढे स्वतःहून एम.एस्सी. जोडलं.

ती माझ्या शेजारी येऊन उभी होती आणि अभिमानाने तिने माझा दंड धरला होता. आजोबांनी कार्ड माझ्यासमोर धरलं आणि सगळं बरोबर आहे ना, असं विचारलं.

मी ते नीट वाचलं आणि म्हटलं, बरोबर आहे.